सहीचा अधिकार कुणाला?

आज मित्राच्या ऑपरेशनसाठी दिवसभर हॉस्पिटलमध्ये होतो. संमतीपत्रावर सही करायला त्याचा जोडीदार पुढे झाला, तर काउंटरवरच्या बाईंनी कागद मागे ओढला. "घरचं कुणी नाही का?" शेवटी नाशिकहून भावाला बोलावलं. तो येईपर्यंत सगळं अडून. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधीचे रिपोर्ट कुठल्या फाइलमध्ये, सगळं ज्याला तोंडपाठ तो बाहेर बाकावर, आणि सही केली ती ज्याला रक्तगटही ठाऊक नव्हता त्याने. संताप आला, अजून आहे.

२०१८ मध्ये भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ वरच्या निकालाने समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं आणि विषय संसदेकडे ढकलला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. संस्कृतीचं काय होणार, असं विचारणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: या दोघांना लग्न करता आलं असतं, तर तुमच्या घरातलं नेमकं काय बिघडलं असतं?

जोडीदारासोबत जॉइंट खातं काढायला, त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून ओळखीत असं जोडपं असेल तर त्यांना मृत्युपत्र करून ठेवायला सांगा. साध्या कागदावरही चालतं, फक्त दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मी साक्षीदार व्हायला तयार आहे.