पुढच्याच्या टाचेवर नजर

देव आतच आहे, हे वारकऱ्याला नव्यानं सांगावं लागत नाही. 'काया ही पंढरी, आत्मा हा विठ्ठल' हा एकनाथ महाराजांचा अभंग आमच्या दिंडीतल्या अंगठा उठवणाऱ्या आजीलाही तोंडपाठ आहे. तरी ती दर ज्येष्ठात बोचकं बांधून आळंदीला येते. आत असलेल्याला भेटायला एवढं बाहेर चालायचं कशाला, असं निघताना माझ्या लेकीनं विचारलं. प्रश्न रास्तच होता. मी घरी रोज पहाटे आसनावर बसते. आधी माळ ओढते, मग डोळे मिटून ध्यान. जे हवंय ते या खोलीत मिळण्यासारखं असेल, तर पायाला फोड कशाला आणायचे, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. बॅग भरली, दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-राहण्याची वर्गणी, भरलेली होतीच, आणि निघाले.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. चाल साधारण 250 किलोमीटरची. वारी माउलींच्याही आधीपासूनची, पण आज आपण बघतो तो सोहळा, त्यातले दिंड्यांचे क्रम, त्याची शिस्त, हे सगळं हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिलं. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करात वावरलेल्या माणसानं भजनाला रांग दिली, याचं मला फार अप्रूप आहे. पहाटे पहिला कर्णा झाला की तंबू उतरतात, दुसऱ्याला दिंड्या उभ्या राहतात, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढं 27 दिंड्या, मागं कितीतरी. प्रत्येक दिंडीत पुढं झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे मृदंग, त्यामागं वीणा, आणि वीणेच्या मागं तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. आपली जागा एकदा ठरली की ठरली. बाहेरून बघणाऱ्याला वारी म्हणजे लोटलेला जनसमुदाय वाटतो. आत शिरल्यावर कळतं की पाय टाकायलासुद्धा इथं ठराविक जागा आहे.

आळंदी ते पुणे माझं मन वारीत नव्हतं, एवढं खरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, कॅमेरे, केळी-बिस्किटं वाटणारे हात. पाय चालत होते, तोंड नाम घेत होतं, आणि डोक्यात घरचं चालू होतं.

पुण्याचा मुक्काम हलला की सासवडची चाल येते. लांबच लांब, वर दिवेघाटाची चढण, आणि तिथीनं एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा आणि शेंगदाणेच. घाटाच्या पायथ्याशी एका आक्कांनी मला तुळस दिली. पितळी वृंदावन, त्यात ओली माती आणि वीतभर रोप. त्यांनी ते डोक्यावरून उतरवून छातीशी धरलं. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग त्यांनी ते माझ्या चुंबळीवर नीट बसवलं, दोन बोटं ढकलून बघितलं, आणि स्वतः माझ्या पाया पडल्या. माझ्या आईच्या वयाच्या. मी मागं सरायला गेले तर म्हणाल्या, "हलू नका माउली, तुळस पडंल."

डोक्यावर तुळस आली की मान वळवता येत नाही. शेजारी कोण चाललंय, घाटातून खाली किती झेंडे दिसतायत, काही बघता येत नाही. वीणा घेतलेले आबा एकदाच मागं वळून म्हणाले, "ताई, नजर पुढच्याच्या टाचेवर ठेवा आन् कान टाळाला लावा. दुसरं काय करू नका."

माझ्या पुढं चालणारीची टाच भेगाळलेली होती. भेगांत काळी माती बसलेली, एका खोल भेगेत हळद भरलेली. ती टाच उचलायची, ओल्या डांबरावर टेकायची, परत उचलायची. पुढून 'ज्ञानोबा माउली तुकाराम' येत होतं आणि चढणीवर प्रत्येक पावलाला त्यातला एक तुकडा बसत होता. श्वास आपोआप त्याच मापात आला. मन मात्र अधूनमधून निसटायचंच. घराच्या दुरुस्तीचा खर्च, मागं कोणीतरी बोललेलं एक वाक्य, असलं काहीबाही. पण मन बाजूला गेलं की मान जरा ढळायची, मान ढळली की रोप हलायचं आणि मातीचा एखादा कण कपाळावर यायचा. घरी आसनावरून मन कधी उठून गेलं ते मला बऱ्याच वेळानं कळतं. इथं ते जाता जाताच कळत होतं. रागवायचं नाही, हळहळायचं नाही, मान सरळ करायची आणि परत ती हळदीची भेग बघायची. घाट कधी संपला ते कळलंच नाही असं बरेच जण सांगतात. मला एकेक वळण कळलं. इतकं जागं राहून मी एरवी कुठलीच गोष्ट केलेली आठवत नाही.

ध्यान म्हणजे फक्त डोळे मिटून बसणं नव्हे, हे माउलींहून जास्त अधिकारानं कोण सांगणार? ते नाथपंथी. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, अशी ती परंपरा. शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बघा. योगाभ्यासाला जागा कशी असावी, आसन कसं घालावं, कुंडलिनी जागी झाल्यावर देहात काय काय घडतं, हे त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलंय की अनुभवल्याशिवाय असं लिहिता येणार नाही. आणि तेच माउली हरिपाठात म्हणतात, 'योग याग विधी येणे नोहे सिद्धी'. मला यात विरोध दिसत नाही. भांगलण करणाऱ्या बाईला एकांत कुठला, आसन कुठलं? तिच्या हाती लागेल असं साधन त्यांनी दिलं. नाम. खुरपं चालवताना घेता येतं, जात्यावर घेता येतं, घाटात घेता येतं. एवढा मोठा योगी आपलं धन खाली ठेवून बायाबापड्यांच्या ओळीत येऊन उभा राहतो, हे आठवलं की माझा ऊर भरून येतो.

नीरेला पादुकांचं स्नान झालं, पालखी सातारा जिल्ह्यात आली. लोणंदच्या तळावरच्या समाज आरतीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण वारीचे फोटो बघणाऱ्यांना ती कधी कळत नाही.

संध्याकाळी पालखी तळावर येते तेव्हा सगळ्या दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात. प्रत्येकीचं भजन चालू, प्रत्येकीचे टाळ वेगळे, मृदंग वेगळे. कानठळ्या बसतात. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार उंचावर उभे राहून हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि 'हो' अशी एक लांब हाक देतात. त्या हाकेसरशी सगळं थांबतं. हजारो टाळ एका क्षणात गप्प. लहान मूल रडत असेल तर तेवढंच ऐकू येतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती एकटी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं जातात, म्हणणं ऐकून घेतात, समाधान झालं की ते टाळही थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाची म्हातारी आई. उद्या पालखी किती वाजता हलणार ते. आणि मग आरती.

त्या थांबण्यात मी उभी होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दिवसभर नामानं भरलेलं मन गप्प झालं की ते रिकामं वाटत नाही. घरी मी मन शांत करायला बसते तेव्हा आत काहीतरी दाबत असते. इथं दाबायला काही उरलं नव्हतं. जे ओरडायचं होतं ते ओरडून झालं होतं. आणि तक्रार असलेल्या दिंडीचे टाळ वाजत होते ना, त्यांना कोणी 'गप्प बसा' म्हटलं नाही. आधी ऐकून घेतलं. मनात कुरकुरणारं जे असतं त्याच्याशी कसं वागावं, हे मला त्या चोपदारांकडं बघून शिकावंसं वाटलं.

ही शिकवण कामाला लावायची वेळ फलटणला आली. पहाटे टँकरपाशी रांग होती. एक बाई, आमच्याच दिंडीतल्या पण दुसऱ्या राहुटीतल्या, मधेच घुसल्या आणि त्यांनी दोन कळश्या भरून घेतल्या. माझी बादली नळाखाली येईपर्यंत टँकर संपला. तोंड न धुता चालले. 'माउली, माउली' म्हणत चालले, पण आत त्या बाईशी दिवसभर भांडण चालू होतं. किती नेमकी उत्तरं सुचत होती! दुपारच्या विसाव्याला, हरिपाठाला, सगळीकडं ती माझ्याबरोबर होती. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' म्हणतानाही ती दारात उभीच.

रात्री कीर्तन झालं. कीर्तनानंतर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. रांगेनं. इथं पाय निवडता येत नाहीत. समोर येईल त्याच्या पायांवर डोकं. तीन-चार जणी झाल्या आणि पुढं तीच बाई. माझ्या आधी ती वाकली. तिचं कपाळ माझ्या पावलाला टेकलं, कपाळावरचा बुक्का अंगठ्याला लागला. मी वाकले तेव्हा तिच्या पायाला गुंडाळलेली चिंधी दिसली, खालून ओली झालेली. फोड फुटला असणार. मी त्या चिंधीवर डोकं ठेवलं.

राग तिथंच विरला असं मी म्हणणार नाही. रात्री पाठ टेकल्यावर त्यानं एकदा डोकं वर काढलंच. पण दुसऱ्या रात्री पुन्हा पाया पडायचं होतं, तिसऱ्या रात्रीही. नातेपुत्याच्या आसपास कधीतरी तिच्या पायाला मी खोबरेल तेल लावून दिलं आणि टँकरची गोष्ट दोघींपैकी कोणीच काढली नाही.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मला इथं मिळालं. आपल्या आत विठ्ठल आहे म्हणायचं, तर तो तिच्याही आत आहे. खोलीचं दार लावून हे म्हणताना काहीच अडत नाही. टँकरपाशी अडतं. वारी तुम्हाला रोज टँकरपाशी नेते आणि रोज रात्री त्याच पायांवर डोकं ठेवायला लावते. चित्तशुद्धी हा शब्द मोठा आहे. माझ्या लेखी ती फलटणला सुरू झाली, आणि अजून चालू आहे.

पुढचे दिवस भरभर गेले. रिंगणात माउलींचा अश्व धावला, लोकांनी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली. वेळापूरच्या उतारावर म्हातारीकोतारी पोरांसारखी धावली. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या जमल्या.

पंढरपुरात पददर्शनाची रांग लांबच लांब होती. आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केलं, नगरप्रदक्षिणा केली, चोखोबांच्या समाधीला आणि नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि कळसाला हात जोडले. एवढं चालून मूर्ती न बघता परत फिरायचं, याची खंत मला एकाच्याही चेहऱ्यावर दिसली नाही. मी आजीला विचारलं. ती तंबाखू मळत होती. म्हणाली, "वाटंत रोज त्याच्याच पाया पडलो की."

संध्याकाळी वाळवंटात बसले. चारी बाजूंनी भजनं, भोंगे, हरवलेल्यांच्या घोषणा. डोळे मिटले आणि घरी बसते तशीच बसले. आवाज येत होते, जात होते. मी काही आवरायला गेले नाही. किती वेळ बसले सांगता येणार नाही, पण उठले ते शेजारच्या मुलानं लाह्यांचा प्रसाद पुढं केला म्हणून.

कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं. हौस म्हणून एक-दोन टप्पे चालणं वेगळं, जमल्यास दिंडीत नाव घालून ओळीतच चाला. फोन दिवसभर ट्रकमधल्या पिशवीत ठेवा. बायकांनी एकदा तरी तुळस डोक्यावर घ्यावी, आणि ती चढणीलाच घ्यावी. पाय कितीही दुखत असले तरी समाज आरती चुकवू नका, जेवणाची पंगत थांबू शकते. घरी जे ध्यान करत असाल ते सोडायची काहीच गरज नाही. पहाटे कर्ण्याच्या आधी अर्धा तास मिळतोच. आणि दिंडीप्रमुखांकडं नाव ज्येष्ठ लागायच्या बरंच आधी द्या, उशीर झाला की राहुटीत जागा उरत नाही.