दरवाजा दिसला की बोंब मार

ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे मुरूडला पोचलो, तोपर्यंत माझ्या सात वर्षांच्या भाचीला निदान चार अनोळखी माणसांनी नाव विचारून झालं होतं. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, खानावळीत. प्रत्येक वेळी ती आईची ओढणी तोंडावर ओढायची, ताई म्हणायची, "जरा लाजरी आहे हो," आणि समोरचा हमखास म्हणायचा, "जीभ घरी विसरून आलीस का गं?" माणसं वाईट नव्हती. पण भर खानावळीत सगळ्यांच्या नजरा रोखलेल्या असताना मोठ्यांचीही बोलती बंद होते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

जंजिऱ्याला जायच्या होड्या मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीहून सुटतात. शिडाच्या होड्या. शिडात वारा भरला की होडी एका अंगाला कलते आणि हौशी पर्यटकांचे मोबाईल मुकाट्याने खिशात जातात. आम्ही सुकाणूजवळ बसलो. तांडेल पिकल्या दाढीचे, डोक्याला रुमाल गुंडाळलेले. त्यांनी भाचीला नाव विचारलं नाही, तिच्याकडे धड पाहिलंही नाही. समुद्रावरची नजर न काढता एवढंच म्हणाले, "बाय, किल्ल्याचा दरवाजा कुठाय बघ. माझे डोळे आता थकले. दिसला की बोंब मार."

डोळे थकलेला माणूस त्या पाण्यात होडी हाकेल का? पण तिला ते पटलं.

शिवाय काम खरोखर अवघड होतं. जंजिऱ्याची गंमतच ती आहे. राजपुरीकडून बघितलं तर बुरुजाला बुरूज लागलेला, तटबंदी सलग, आत शिरायला फट म्हणून नाही. महादरवाजा दोन बुरुजांच्या आडोशाला असा बसवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. सिद्दींनी हा किल्ला कुणाला जिंकू दिला नाही. शिवाजी महाराजांनी त्याला शह द्यायला समोरच पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालायला घेतला, तरी तो पडला नाही. अखेर 1948 साली संस्थान भारतात विलीन झालं. हे सगळं मी ताईला सांगत होतो. भाची ऐकत नव्हती. ओढणी सोडून, होडीच्या कडेला घट्ट धरून ती तट निरखत होती.

होडी वळली आणि ती ओरडली. "दिसला! तिथे! काळं काळं!"

होडीतली सगळी माणसं तिच्याकडे वळली. मला वाटलं, आता पुन्हा ओढणी. पण तांडेल खलाशाला म्हणाले, "बायला दिसला, शीड सोड." शीड खाली आलं. आपल्यामुळे होडी थांबते आहे, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. (ती तिथे तशीही थांबणारच होती.)

आत ठरलेल्या वेळेत जेवढं बघता येतं तेवढं बघितलं: कलालबांगडी तोफ, खाऱ्या समुद्रात असूनही गोड्या पाण्याचे तलाव, दरवाजाजवळचं पंजात हत्ती पकडलेल्या श्वापदाचं शिल्प. तटावर रिकाम्या बाटल्या जागोजागी पडलेल्या होत्या, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

परतताना भाची आपणहून सुकाणूजवळ जाऊन बसली. बराच वेळ गप्प होती. मग हळूच विचारलं, "पाऊस पडला की तुम्ही काय करता?"

"पावसात किल्ला बंद. होडी वर ओढून ठेवायची, फळ्या बघायच्या, डागडुजी करायची."

"मग घरीच?"

"घरी कसला! जाळी कोण विणणार?"

जाळी कशी विणतात, सुई कसली असते, मासे भोकांतून निसटत कसे नाहीत, एकेक प्रश्न निघत गेला. ताई उठायला लागली. म्हणाली, "त्यांना त्रास देतेय गं बाई ही." मी तिला हाताला धरून खाली बसवलं. राजपुरीचा धक्का येईस्तोवर दोघांचं जाळं अर्ध्यावरही आलं नव्हतं.