माद्रिद ते लिस्बन : तिकिटावर वीस मिनिटं

माद्रिदच्या विमानतळावर आईने तिकिटाचा कागद चष्म्याजवळ धरला. "अगं, यांनी चुकीचं छापलंय. आठ चाळीसला निघून नऊला लिस्बन? वीस मिनिटांत आपण ठाण्याहून दादरलासुद्धा पोचत नाही."

छपाई बरोबर होती. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे ५०० किलोमीटर. प्रवास १ तास २० मिनिटांचा, त्यातला जेमतेम तासभर हवेत. परतीच्या तिकिटावर मात्र निघण्या-पोचण्याच्या वेळांत २ तास २० मिनिटांचं अंतर दिसतं. माद्रिदहून पुढे तोलेदोची गाडी पकडायची असेल, तर हा तास आधीच हिशेबात धरा.

खरं तर लंडनची वेळ जिच्यावरून ठरते ती ग्रीनिचची शून्य रेखा स्पेनमधूनच जाते आणि माद्रिद तिच्याही पश्चिमेला आहे. तिथलं घड्याळ लंडनशी जुळायला हवं. पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे तासभर पुढे नेऊन मध्य युरोपशी जुळवले गेले, ते तसेच राहिले. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ असं करून पाहिलं. हिवाळ्यात पोरांना अंधारातच शाळेला निघावं लागायचं. शेवटी त्यांनी जुनी वेळ परत आणली, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं.

रस्त्याने हा प्रवास सव्वासहाशे किलोमीटरचा, बसने आठेक तासांचा. रात्रीची लुसितानिया रेल्वे २०२० मध्ये थांबली. ती चालू असती तर मी विमानाचं तिकीट काढलंच नसतं.

पण मग ती संध्याकाळ हुकली असती. जूनचे दिवस, विमान पश्चिमेकडे निघालेलं, त्यामुळे उजव्या खिडकीतला सूर्य बुडायचं नावच घेईना. खाली मैलोन् मैल वाळलेलं पिवळं रान. विमान उतरू लागलं तशी त्यावरची झाडं सुटी सुटी दिसायला लागली. ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं करतात, ते ओक. प्रत्येक झाडाची सावली पूर्वेकडे लांबच लांब ओढलेली. आईने कपाळ काचेला टेकवलं होतं. "आपल्याकडे माळावर बाभळी असतात ना, अगदी तशी."

मग तेझो नदीचं रुंद पात्र आलं, '२५ एप्रिल' नावाचा तांबडा पूल आला, आणि लाल कौलं इतकी जवळ आली की गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसले. लिस्बनचा विमानतळ शहराला अगदी चिकटून आहे.

उतरल्यावर मी मोबाईल पाहिला, बरोबर नऊ. बाहेर अजून उजेड होता. आईने मनगट पुढे केलं. तिचं घड्याळ अजून भारताच्या वेळेवरच होतं. विमान हललं तेव्हा त्यात बारा दहा झाले होते, आता दीड वाजला होता.

"एक तास वीस मिनिटं," ती म्हणाली. "माझंच बरोबर चालतंय. बाबा झोपले असतील, त्यांना सकाळी फोन करू."