उचलून घेतलेला पराक्रम

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत रोज दुपारी तीनच्या सुमारास पाण्याचा टँकर येतो. फाटकाची रुंदी आणि टँकरची रुंदी यांत चार बोटांचाही फरक नसल्यामुळे तो उलटा आत घ्यावा लागतो, आणि त्या वेळच्या वॉचमनच्या शिट्ट्या, क्लीनरचे ‘येऊ दे, येऊ दे’ आणि गिअरचा खरखराट यांनी ज्यांची वामकुक्षी मोडते त्यांत मीही असते. परवा अशीच उठून गॅलरीत आले, तर त्या गोंधळात आणखी एक आवाज मिसळला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला डॅशहाउंड टँकरच्या मागच्या चाकाकडे तोंड करून, चारही आखूड पाय फरशीवर रोवून भुंकत होता. उंची वीतभर, पण आवाज इतका खर्जातला की नुसते ऐकणाऱ्याला खाली अल्सेशियन बांधला आहे असे वाटावे. चाक इंचाइंचाने मागे येत होते आणि तो तसूभरही हलत नव्हता. वॉचमन ओरडला, “ताई, उचला त्याला, चाकाखाली येईल.” ताईंनी त्याला काखोटीला मारले. ड्रायव्हर, क्लीनर आणि वॉचमन असे तिघेही हसले.

मला हसू आले नाही. लहान कुत्र्याला ऐन सामन्यातून उचलून घेणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि या रागाचे मूळ आमच्या सांगलीच्या वाड्यात आहे.

वाड्यात समोरच्या खोल्यांत राहणाऱ्या अक्कांकडे एक पांढरा, केसाळ कुत्रा होता. त्या काळी कोणत्याही पांढऱ्या केसाळ कुत्र्याला पामेरियनच म्हणत. त्यांतले बहुतेक खरे म्हणजे इंडियन स्पिट्झ असत, हे मला फार पुढे कळले. त्याचे नाव अर्थातच टायगर. (ज्यांच्या एका भुंकण्याने सायकलवाले खाली उतरत, त्या गल्लीतल्या धिप्पाड गावठी कुत्र्यांची नावे मोत्या आणि काळ्या, आणि दुधात पोळी कुस्करून खाणाऱ्याचे नाव टायगर, ही वाटणी कोणी केली होती कोण जाणे.) एकदा श्रावणाच्या आसपास वाड्यात नंदीबैलवाला आला. गुबुगुबु वाजली, झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे बांधलेला बैल दिंडीदरवाजातून आत शिरला, आणि ‘पाऊस पडेल का’ असे विचारायला जमलेली आम्ही सगळी पोरे त्याने मान हलवल्याबरोबर मागे सरकलो. मी तर थेट कोठीच्या दाराआड गेले. टायगर मात्र अंगणाच्या मधोमध, तुळशीवृंदावनाच्या पुढे येऊन उभा राहिला. भुंकला नाही; नुसता मान खाली घालून गुरगुरत राहिला. बैलाने नाक खाली आणून जोराने फुसकारले, तेव्हा टायगरच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलावेत तसे हलले. टायगर हलला नाही. अखेर बैलच एक पाऊल मागे सरकला. दाराच्या फटीतून मी हे स्वतः पाहिले आहे आणि आजही साक्ष द्यायला तयार आहे.

नेमक्या त्याच क्षणी अक्का “अगं बाई, तुडवेल की त्याला!” म्हणत धावत आल्या आणि त्यांनी टायगरला उचलून पदराखाली घेतले. पदराखालून तो जे भुंकू लागला ते ऐकून सगळा वाडा हसला, नंदीबैलवालाही हसला. अंगणातले ते मुके उभे राहणे कोणाच्याच हिशेबात जमा झाले नाही. पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले ते त्याचे कडेवरून भुंकणे.

डॅशहाउंडची गोष्ट याहून निराळी नाही. ‘डाक्स’ म्हणजे जर्मन भाषेत बॅजर, बिळात राहणारा, लांब नखांचा आणि जबर चावणारा प्राणी, आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. ज्या आखूड पायांना आपण हसतो ते त्या बिळात शिरता यावे म्हणून जर्मन शिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून आखूड केलेले आहेत. बिळात अंधार, वळायला जागा नाही, समोर अनेकदा आपल्याहून वजनदार जनावर, आणि मालक वर उजेडात. तिथे कोणाची आज्ञा पोहोचत नाही, त्यामुळे काय करायचे ते त्याने एकट्यानेच ठरवायचे. त्याचा तो खर्जही याच धंद्यातला आहे. कुत्रा खाली नेमका कुठे आहे हे वरच्या माणसांना त्याच्या आवाजावरूनच ओळखावे लागे, आणि मग तिथे खणायचे. म्हणजे आमच्या मासिक बैठकीत ज्या भुंकण्याबद्दल तक्रार झाली, ते मुळात जमिनीखालून वर ऐकू जावे अशाच बेताने घडवलेले होते. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर ते ऐकू गेले यात नवल कसले?

त्याचा लौकिक मात्र शूराचा नाही, चिडक्याचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ३०हून अधिक जातींच्या कुत्र्यांविषयी मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा अंगावर धावून जाण्याच्या बाबतीत डॅशहाउंड आणि चिवावा हेच अग्रभागी निघाले. मला हे अजिबात खोटे वाटत नाही. प्रश्न फक्त शब्दांचा आहे. अल्सेशियन परक्याच्या अंगावर गेला तर तो राखण करतो, आणि डॅशहाउंड गेला तर तो आगाऊ. मोठ्या कुत्र्याने दात दाखवले की घरचे त्याला शिस्त लावायला शिक्षक शोधतात. लहान कुत्र्याने दाखवले की त्याचा व्हिडिओ काढतात.

स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरियर जातीची एक कुत्री होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, न्यू गिनीच्या जंगलातल्या एका खंदकात ती एका अमेरिकन सैनिकाला सापडली, आणि बिल विन नावाच्या दुसऱ्या सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. उंची सात इंच, वजन दोन किलोंहूनही कमी. पुढे फिलिपीन्समधल्या लिंगायेन इथल्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खाली सत्तर फूट लांबीचा आणि आठ इंच व्यासाचा नळ होता, त्यात ठिकठिकाणी माती साचलेली, आणि तार नेण्यासाठी धावपट्टी खणायची तर काही दिवसांचे काम उघड्यावर, शत्रूच्या विमानांच्या नजरेखाली करावे लागले असते. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि बिल विन दुसऱ्या तोंडाशी बसून तिला हाका मारू लागला. ती गेली. हा पराक्रम की नुसते हाकेसरशी जाणे, यावर मी अनेकदा विचार केला आहे. तिला युद्ध ठाऊक नव्हते, धावपट्टी ठाऊक नव्हती. अंधार मात्र ठाऊक असणार, कारण तो तिच्या डोळ्यांपुढेच होता. त्या सत्तर फुटांत तिला उचलून घेणारे कोणी नव्हते, एवढे मात्र खरे.

इथवर आल्यावर माझा सिद्धान्त पक्का झाला असे वाटत असतानाच टायटॅनिक आठवते आणि सगळा डाव विस्कटतो. १९१२ मध्ये ते जहाज बुडाले तेव्हा त्यावरचे तीनच कुत्रे वाचले, दोन पामेरियन आणि एक पेकिनीज. ते वाचले, कारण कोणीतरी त्यांना उचलून पोटाशी धरून होडीत नेऊ शकले. मोठ्या कुत्र्यांना कोण उचलणार? अक्कांनी टायगरला पदराखाली घेतले नसते तर बैलाचे पुढचे पाऊल कुठे पडले असते, हेही मी दाराआडून पाहिले असते, आणि मग आज हा लेख लिहिण्याइतकी हौस मला उरली असती की नाही, सांगता येत नाही.

खाली टाकीत पाणी सोडून झाले. टँकर पुन्हा शिट्ट्यांच्या गजरात फाटकाबाहेर पडला, तेव्हा ताईंनी डॅशहाउंडला खाली ठेवले. तो फाटकापर्यंत गेला, टायरच्या ओल्या खुणेवर त्याने तंगडी वर केली आणि शेपूट ताठ ठेवून परत फिरला. टँकर रोज येतो आणि अर्ध्या तासात रोज निघून जातो. त्या कुत्र्याच्या हिशेबाने तो रोज पळून जातो, आणि ताईंनी उचलून घेतले होते ही बाब त्याच्या लेखी दखल घेण्याजोगी नसावी.