पद्मिनीचा ताप: एप्रिल ते जून

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचं रंगकाम झालं, सीट कव्हरं झाली, आता फक्त चालवायची, असं फेब्रुवारीत मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. चालवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघालो आणि ठाटीपूरला पोहोचेतो तापमानाच्या गेजचा काटा 105 वर, ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर गढूळ पाण्याची धार आणि मागे रिक्षांचे भोंगे. बाबा शेजारी बसले होते. शांतपणे म्हणाले, "अरे, काच खाली कर आणि हसून बघ सगळ्यांकडे. मी वीस वर्षं हेच केलं."

नव्या मंडळींसाठी ओळख: 1986 ची पद्मिनी, 1089 सीसी, चार सिलिंडर, हँडलखालचा गिअर. बाबांनी सेकंडहँड घेतली होती. हिचा पंखा इलेक्ट्रिक नाही. तो पाण्याच्या पंपाच्याच पुलीवर बसतो आणि पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू आणि पंपही हळू. तापमानाचं गेज मी वेगळं बसवलंय, तांब्याच्या बारीक नळीचं, मेकॅनिकल.

ज्या गॅरेजमध्ये आधी नेली तिथे उस्तादांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि निकाल दिला: "भाईसाब, हेड उतारना पड़ेगा, गॅसकेट गया." खर्च अकरा हजार. बोटाच्या टोकावर एवढं निदान होत असेल तर वैद्यांनी दुकानं बंद करावीत. गाडी ढकलत नाही, पण रुसत-फुगत घरी आणली.

गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं की नाही हे घरी बघता येतं, आणि हे आधी बघावं, कारण ते सगळ्यात महाग प्रकरण. इंजिन गार असताना रेडिएटरची कॅप काढली, गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारून बघत बसलो. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, अडकलेली हवा असते ती, मग थांबले. गॅस्केट फुटलं असतं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून बुडबुडे येतच राहिले असते. डिपस्टिकवर ऑइल काळंच होतं, ताकासारखं पांढरट नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही. तरी मनाची खात्री म्हणून मित्राकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) आणून चारही प्लग काढून मोजलं: 125, 120, 125, 120. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असते तर घाबरलो असतो. हेड जागेवरच राहिलं.

मग खरा प्रश्न: गाडी नेमकी कधी तापते? हा प्रश्न उस्तादांनी विचारलाच नव्हता. उभ्या गाडीत हवा फक्त पंखा ओढतो. त्यामुळे सिग्नलला तापून मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल तर पंखा, पट्टा, जाळीत अडकलेला कचरा इथे बघायचं. ताशी साठच्या वर हवा आपोआप घुसते, तिथे तापत असेल तर पाणी फिरत नाहीये, रेडिएटर उष्णता टाकत नाहीये किंवा इंजिन मुळातच जास्त उष्णता करतंय. माझी गाडी दोन्हीकडे तापत होती. म्हणजे दोन दुखणी असणार, असा संशय तेव्हाच यायला हवा होता. आला नाही.

पट्ट्याचा ताण ठीक होता, अंगठ्याने दाबला की साधारण सेंटीमीटरभर दबायचा. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडला तर आतल्या पॉइंटची (ज्याच्या उघडझापीने ठिणगी पडते) टाच झिजून गॅप अर्ध्याहून कमी झालेली. गॅप कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, जळणं लांबतं आणि ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी हेडमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये जाते. पॉइंट नवे टाकले, टायमिंग लावलं. गाडीला ओढ आली, काटा जेमतेम दोन अंश उतरला.

आता टेंपरेचर गन, न टेकवता लांबून तापमान मोजणारी. ही वस्तू घ्याच, पण एक गोष्ट मला उशिरा कळली: चकचकीत धातूवर ती खोटं बोलते, आकडा बराच कमी दाखवते. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर 61 दाखवत होती आणि त्याच वेळी गेजवर 94. झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, तिथे मोजलं, 91. तेव्हापासून चार ठिकाणी टेपचे तुकडे कायमचे लावलेत. घरचे म्हणतात गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय.

रेडिएटरच्या जाळीवरून गन फिरवली. वरच्या टाकीजवळ 90, मधोमध 78 आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात सरळ 46. तापलेल्या रेडिएटरमध्ये असा थंडगार कोपरा म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. आमच्याकडे घरोघरी तिघरा धरणाचं पाणी येतं, पण गाडीत भरायला बादली नेहमी बोअरच्या नळाखालीच लावली जायची. बोअरचं पाणी जड. प्रत्येक वेळी उकळलं, वर आणखी भरलं, आणि क्षार आत राहिले. वीस वर्षं हसून बघण्याचा हिशोब.

रेडिएटर काढून जुन्या पद्धतीच्या कारागिराकडे नेला. पितळी रेडिएटरचा हाच फायदा, आजच्या प्लॅस्टिक टाकीवाल्याला हे भाग्य नाही. त्यांनी गॅसच्या ज्योतीवर वरच्या टाकीचं झाळण सोडवलं, टाकी उचलली आणि मला जवळ बोलावलं. नळ्यांची तोंडं चपटी, बारीक, ओळीने. जवळजवळ निम्म्यांत पिवळट पांढरा थर, किटलीच्या बुडाशी जमतो तसाच. त्यांनी पोलादाची पातळ पट्टी एकेका नळीत घातली, वर-खाली केली. चुन्याचा चुरा खाली वर्तमानपत्रावर पडत होता, कर्रकर्र आवाज करत. एका नळीत पट्टी जाईना तेव्हा त्यांनी ती सोडली नाही, पाणी घालून दहा मिनिटं तिच्याशीच झटत बसले. चौदाशे रुपये घेतले. मला कमी वाटले.

रेडिएटर बाहेर आहे तोवर ब्लॉकचा ड्रेन उघडला. थेंबही नाही. तार घालून टोचलं तेव्हा भस्सकन गेरूसारखा चिखल आला. सायकलच्या पंपाने हवा आणि बागेच्या नळीने पाणी असं आलटून-पालटून दोन तास केलं, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ झालं. अंगणातली फरशी अजून तांबडी आहे, त्यावर आई बोलत नाही, नुसती बघते.

थर्मोस्टॅटची जागा रिकामी निघाली. कुणी तरी कधी तरी "गाडी गार राहील" म्हणून काढून टाकलेला, हे आपल्याकडचं लाडकं औषध. मूळ दुखणं त्याने लपतं, बरं होत नाही, आणि इथे जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर येतो तेव्हा इंजिन तापायलाच अर्धं शहर ओलांडावं लागतं. नवा आणला, 82 छापलेला. बसवण्याआधी दुधाच्या पातेल्यात दोऱ्याने लटकवला, बुडाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. ऐंशीला काही नाही. 83 ला कडेने केसाएवढी फट दिसली, 90 च्या पुढे चांगला उघडला. पातेलं आता गॅरेजचं झालं, स्वयंपाकघराने परत घ्यायला नकार दिलाय.

डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. अंगणात चाळीस मिनिटं उभी चालवली, काटा 86 ला खिळलेला. मी पेढे आणायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी झाशी रोडने डबऱ्याकडे. सत्तरचा वेग, दुपारची वेळ. वीस किलोमीटरवर 92, मग 96, मग 102. वेग चाळीसवर आणला की हळूहळू उतरायचा. त्या संध्याकाळी दादा आला होता. त्याचं एकच पालुपद असतं: "मेळ्यात नवी घे की, रोड टॅक्समध्ये सूट मिळते." ग्वाल्हेरचा मेळा 1905 मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला, तो माझ्या दादाला एवढ्या एका वाक्यासाठी उपयोगी पडतो. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी भाच्याला आत बसवलं, गाडी पूर्ण तापू दिली आणि बॉनेट उघडं ठेवून म्हणालो, "हळूहळू रेस दे." माझी नजर खालच्या होजवर, म्हणजे रेडिएटरच्या तळातून पाण्याच्या पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर. आवाज चढत गेला आणि होज मधोमध आत ओढला गेला, दाट लस्सी ओढताना स्ट्रॉ चपटी होते तसा. रेस सोडली, फुगला. पुन्हा दिली, पुन्हा चपटा. पंप त्या बाजूने पाणी खेचतो, होज मऊ पडलेला आणि आत आधाराला असायला हवी ती स्प्रिंग गायब. म्हणजे इंजिनाला जेव्हा सगळ्यात जास्त पाणी हवं तेव्हाच वाट बंद. रेडिएटर तुंबलेला होता तितकी वर्षं ओढ आणखी जोराची होती, त्यात होजची गत झाली असणार.

त्याच वेळी फडकं धरून वरचा होज दाबून पाहिला. तापलेल्या इंजिनावर तो टणक लागायला हवा, हा लोळागोळा. कॅपचं रबर बघितलं, भेगाळलेलं. कॅप दाब धरत नव्हती. ही 7 पौंड दाबाची कॅप धड असेल तर साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी साधारण 111 पर्यंत उकळत नाही, शिवाय तोच दाब होजला आतून फुगवून धरतो. माझ्याकडे दोन्ही आधार गेले होते. एक इशारा: होज रेस देताना चपटा होत नसेल, पण गाडी गार झाल्यावर चपटा सापडत असेल, तर कॅपमधला परत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय, होज बिचारा निर्दोष आहे.

कॅप 220, होज 380. नव्या होजमध्येही स्प्रिंग नव्हती. एका स्प्रिंगवाल्याकडून स्टेनलेसच्या तारेची वळवून घेतली, साधी लोखंडी नको, गंजून तिचेच तुकडे रेडिएटरमध्ये जातील.

जूनच्या पहिल्या रविवारी, बाहेर 44 असताना, डबऱ्याला जाऊन आलो. 88, जास्तीत जास्त 90. मग परीक्षा म्हणून उरवाई गेटने किल्ला. अरुंद चढ, पहिला गिअर, पुढे पर्यटकांच्या दोन गाड्या रांगत चाललेल्या, दोन्ही बाजूंना 15 व्या शतकात खडकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती. त्या निर्विकार, मी नाही. माझं लक्ष फक्त काट्यावर. वर पोहोचलो तेव्हा 95, उकळी नाही, थेंब नाही. बंद केल्यावर 99 वर गेला तर दचकू नका, पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता तिथेच साठते. पंख्याभोवती आडोसा नाही, तो पत्र्याचा करून घेतला तर चढावरचे तीन-चार अंश अजून उतरतील असं वाटतं.

पंधरा मिनिटांनी निघायला चावी फिरवली. स्टार्टर फिरतोय, गाडी घेत नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप हाताला भाजेल इतका गरम, आतलं पेट्रोल वाफ होऊन बसलेलं. बाबा उतरले, खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्याने भिजवला, पंपावर गुंडाळला आणि सावलीत जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी एका फटक्यात सुरू झाली. पंचा तसाच बांधून आम्ही खाली उतरलो. आता पेट्रोलच्या लाइनच्या मागे लागायचंय.