डाग राहू दे

आज लालबागच्या एका काकूंची ऑर्डर. काकांच्या पंचाहत्तरीला त्यांचा फोटो छापलेला कॉफी मग हवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही चार ग्रुप फिरून आलेला! ४ बाय ६ इंचाच्या नीट प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. इथे काकांच्या नाकाच्या जागी नुसते चौकोन. ‘मोबाइलवर तर छान दिसतोय की!’ (हे वाक्य रोज ऐकतो.) मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून कसा पाठवायचा, हे फोनवर समजावण्यात अर्धा तास गेला.

आला तेव्हा दिसलं, काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली निळ्या शाईचा डाग.

‘काढून टाकू का, काकू?’

‘नको रे, राहू दे. ४० वर्षं धुतेय मी तो.’

उलटी प्रिंट काढली, मगाला गुंडाळली, १८० डिग्रीला प्रेसमध्ये. कागद सोलला. डाग जागच्या जागी.