दगड मागं होता

जीप बंद पडल्याचा निरोप मला दुसऱ्याच एका जीपवाल्यानं आणून दिला. 2004 चा जुलै होता आणि कुंभार्ली घाटात मोबाइलला रेंज कुठली! माझं गॅरेज पाटणला. तो गाडी चालूच ठेवून खिडकीतून ओरडला, "मामांची गाडी माथ्याच्या पलीकडं उभी हाय. मागचा डावा पाटा सरकलाय. वडाप भरलेलं हाय, लवकर जावा."

पाटा म्हणजे एक्सलवरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. तो सरकला म्हणजे सेंटर बोल्ट तुटला. पाट्यांची चवड एकत्र धरून एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जागेवर ठेवणारा हा एवढासा बोल्ट. तो तुटला की एक्सल पाट्यावर मागंपुढं घसरतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते. काम मोठं नाही, तासाभराचं. नवा सेंटर बोल्ट, पाटा एक्सलला आवळणारे दोन यू-बोल्ट, पाने, टॉमी, माझा बॉटल जॅक आणि जॅकखाली घालायची फळी एवढं पोत्यात भरलं, पोऱ्याला मागं बसवलं आणि निघालो. उचललेली गाडी पेलणाऱ्या घोड्या गॅरेजातच राहिल्या. दोन लोखंडी घोड्या मांडीवर घेऊन पावसात मोटरसायकलवर कोण बसणार? आज हे लिहितानाही ते कारण मला पटण्यासारखं वाटतं, हीच त्यातली गोम.

हेळवाक सोडलं आणि धुकं सुरू झालं. माथा ओलांडून दोन वळणं खाली जीप उभी होती. जुनी पेट्रोलची आखूड जीप, नंतर कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेली, तोंड चिपळूणकडं. वडापनं निघालेली माणसं उतरून प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून कडेला उभी. एकाला चिपळूणहून पुढची एसटी गाठायची होती, तो दर दोन मिनिटांनी किती वेळ लागेल ते विचारत होता. जीपवाल्या मामांनी तोवर आपला जॅक एक्सलखाली लावून डावं मागचं चाक काढूनही ठेवलं होतं. या जीपचे डावीकडचे नट उलट्या आट्यांचे असतात, नवखा माणूस तिथंच पाना मोडतो. मामा मुरलेले.

"मामा, दगड लावलाय ना?"

"लावलाय की. हँडब्रेक वढलाय, गिअरमधी टाकलीय. घुसा तुमी बिनधास."

मी घुसलो. वाकून दगड बघितला नाही.

पोऱ्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्यानं काढलेलं चाक आडवं करून चॅसीखाली सारलं आणि वर स्टेपनी ठेवायला लागला. माझ्या कोपराला टायर लागत होता, पाना फिरवायला जागा मिळेना. मी आतनं खेकसलो, "ते कशाला मधी घालतोयस? काढ." त्यानं "हां दादा" म्हटलं आणि काढलं नाही. हे मीच त्याच्या डोक्यात भरवलेलं होतं. माझ्या वस्तादांनी कराडच्या गॅरेजात माझ्या डोक्यात भरवलं होतं, पाठीत एक रट्टा घालून. काढलेलं चाक भिंतीला टेकवायचं नाही, गाडीखाली झोपवायचं. ते म्हणायचे, जॅक हा हमाल आहे, खांब नव्हे. तेलाच्या दाबावर उभं राहणारं यंत्र, एक सील गेलं की खाली. पण त्या दिवशी जॅकचं सील शाबूत होतं.

यू-बोल्टाचे नट गंजून बसलेले. पान्याला पाइप घालून मी झोला दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या झोल्याला नट किरकिरला आणि त्याच वेळी माझ्या तोंडापासून हातभरावर ब्रेकचा उघडा ड्रम फिरताना दिसला. पाच स्टड बाहेर आलेले, त्यांवरनं पावसाचं पाणी ठिबकतंय आणि ड्रम सावकाश, अगदी सावकाश उलट्या दिशेनं फिरतोय. माझ्या डोक्याजवळनं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा, मात्र गच्च उभा. मला कळेचना. शाफ्ट थांबलेला असताना ड्रम फिरतो कसा, एवढाच विचार मनात आला. पळायचा आला नाही.

मग जॅक कलला. "टक्" असा आवाज झाला, मोठा नाही. चॅसी वीतभर पुढं सरकली आणि खाली येऊन त्या दोन टायरांवर बसली. रबर दबल्याचा फुस्स असा आवाज. माझी छाती आणि चॅसीचा आडवा क्रॉस मेंबर यांच्यात चार बोटं राहिली असतील. मी ती मोजली नाहीत, पण श्वास घेतला की शर्टाचं बटण लोखंडाला लागत होतं.

बाहेर आरडाओरडा. पोऱ्यानं पुढच्या चाकाला दगड मारला, दोघांनी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. पाठ खरचटली, बाकी काही नाही.

उठल्यावर पहिल्यांदा मी उजव्या मागच्या चाकापाशी गेलो. दगड होता. चांगला मोठा होता. चाकाच्या मागं होता. मामांची सगळी हयात घाट चढण्यात गेलेली. चढावर गाडी थांबली की क्लीनर उडी मारून मागं दगड लावतो, तोच हाताचा सराव. इथं गाडीचं तोंड उताराला आणि धुक्यात उतार डोळ्यांना जाणवतही नव्हता.

हँडब्रेकचं कोडं मला जरा थाऱ्यावर आल्यावर सुटलं. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतोच. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागं, जिथनं प्रॉपेलर शाफ्ट सुरू होतो तिथं एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक तो धरतो. गिअरही शाफ्टच धरतो. चारही चाकं जमिनीवर असतील तर एवढं पुरतं. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरांची जोडणी, आपलं काम करतं: शाफ्ट थांबलेला असला तरी जमिनीवरचं चाक पुढं फिरू शकतं, कारण अधांतरी बाजू तेवढीच उलटी फिरून हिशेब पुरा करते. तो उलटा फिरणारा ड्रम म्हणजे पलीकडचं चाक उताराला लागलं होतं. फोर व्हीलनं कदाचित धरली असती, पण डिझेल वाचवायला मामांनी पुढचा शाफ्टच काढून घरी ठेवला होता.

मामांना हे काही पटेना. "वढलाय की वो हँडब्रेक," हेच चाललेलं. हँडब्रेक ओढलेलाच होता, ते खोटं बोलत नव्हते.

काम तर पुरं करायचंच होतं. दोन्ही पुढच्या चाकांपुढं आणि मागच्या उजव्या चाकापुढं दगड लाथा घालून बसवले. मागचाही राहू दिला. एसटीवाला पाहुणा मदत म्हणून कडेच्या ढिगातला जांभ्याचा चिरा उचलून आला, "हा घाला खाली, भक्कम आहे." चिरा भिंतीला भक्कम. पण चॅसीची कड एका जागी रुतली की तो सच्छिद्र दगड आधी न सांगता फुटतो, विटेचीही तीच गत. त्याला तो परत ठेवायला लावला. जॅक फळीवर घेतला, कारण कडेचा मुरूम पावसानं लोण्यासारखा झाला होता. चॅसी उचलून टायरांची चवड नीट मधोमध आणली, वरच्या फटीत फळकुटं ठोकली, जॅक थोडा सोडून वजन चवडीवर बसू दिलं. मग मी आणि पोऱ्यानं खांदा लावून गाडी हलवून बघितली. हलली नाही. तरी परत आत शिरताना गुडघे ऐकत नव्हते. पोऱ्या म्हणाला, "दादा, मी जातो." त्याला जाऊ दिलं नाही. तो चाकाजवळ बसून राहिला, ड्रमवर नजर ठेवून.

सेंटर बोल्ट बसला, यू-बोल्ट आवळले, गाडी उभी राहिली. स्टेपनी परत जागेवर लावताना मामांनी तिच्या टायरवरनं हात फिरवला. वरच्या बाजूला, बगलेवर, चॅसीच्या कडेचा वळ उमटला होता, बोटभर खोल, अजून न भरलेला.

मजुरीचे पैसे मोजताना मामा थबकले. "मिस्त्री, टायर खराब झाला की वो माझा. पन्नास कमी घ्या."

मी पन्नास कमी घेतले.